तीन खोटी अक्षरं

कर्वे पुतळ्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पर्समध्ये सुटे शोधत होते. मान वर केली, तर माझा कागद एका परक्या माणसाच्या हातात! आणि तो नुसता धरून उभा नव्हता. ओळीखाली बोट ठेवून चक्क वाचत होता.

"एम, के, एल, एस, टी, टी…" तो थांबला. "एवढा लांब पासवर्ड?"

मी कागद हिसकावला. "दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही हो. मशीनमधून माझ्या कागदांबरोबर आला. आणि वाचून काहीच कळलं नाही, म्हणजे वाचला नाही असंच धरा."

"मी एकच प्रत सांगितली होती," मी दुकानदाराला म्हणाले. "ही दुसरी कुठून आली?"

"ती काळी आलीये म्हणून बाजूला काढली," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "आणि ताई, हे झेरॉक्सचं दुकान आहे. लॉकर पाहिजे असेल तर बँक समोर आहे."

मी हातातली ती काळी प्रत तिथेच उभी राहून फाडली, पुन्हा फाडली, आणि तुकडे पर्समध्ये टाकले. तो माणूस शांतपणे बघत होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, उजव्या भुवईत एक बारीक फट. हसू दाबल्यावर ती फट वर जायची. हे मी का लक्षात ठेवलं, असं विचाराल तर तेव्हाचं माझं उत्तर सरळ होतं: पुढेमागे पोलिसांना वर्णन द्यावं लागलं तर असावं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. त्या कागदावर माझी तीन वर्षं होती. गुऱ्हाळामागे चिपाडांचा ढीग कुजत असतो ना, त्यातून मी एक जिवाणू आणला होता. तो एक एन्झाइम बनवतो. म्हणजे एक इवलीशी कात्रीच म्हणा, साखरेच्या लांब साखळ्या कापणारी. ती कात्री कुठल्या घटकांनी, कुठल्या क्रमाने ओवलेली आहे, हे शोधून मी अक्षरांत मांडलं होतं. एकेका घटकाला एकेक इंग्रजी अक्षर. एकूण चारशे बारा अक्षरं, जगात कुणीही न पाहिलेली… निदान झेरॉक्सच्या दुकानात जाईपर्यंत तरी.

मी मुळात संशयी नव्हते हो. आमच्या पाषाणच्या प्रयोगशाळेने मला तसं केलं. माझ्या आधीच्या रुपालीताईकडे एक पाहुणे शास्त्रज्ञ आले होते. चहा घेतला, तिची वही कौतुकाने चाळली, आणि सहा महिन्यांनी तिचं काम त्यांच्या नावाने छापून आलं. तेव्हापासून आमच्याकडे कपाटांना कुलपं आणि चहाला पाहुणे नाहीत.

त्यात माझी मुदत संपत आलेली. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी समिती बसणार होती आणि एकच प्रश्न विचारणार होती: तुमचं एन्झाइम कुठल्या कुटुंबातलं? उत्तर असेल तर फेलोशिप एक वर्ष पुढे. नसेल तर हिंगोली. तिथे माझे बाबा, नागोराव, एका पाहण्याच्या कार्यक्रमाची तारीख धरून बसले होते. "तुझी समिती झाली की आमची समिती," असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं.

सोमवारी आमचे गाईड पानसे सर एका माणसाला घेऊन आले. निळा शर्ट. भुवईत फट.

"हे साईनाथ चांदेरे. तुमच्या अक्षरांचं कूळ शोधायचा प्रोग्राम लिहिणार आहेत," सर म्हणाले. "काय झालं? ओळखता की काय?"

"नाही," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

सरांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "उत्तम. पहिलाच प्रश्न, आणि दोन उत्तरं."

संशय यायला मला अजून काय हवं होतं? शुक्रवारी माझा कागद वाचणारा माणूस सोमवारी माझ्याच टेबलापाशी! बरं, हा सूस गावचा. तिथून उठून चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला, आणि ती नोकरी सोडून आमच्याकडे, जिथे पंखासुद्धा पाळीपाळीने मिळतो.

"का सोडली नोकरी?" मी विचारलं.

"दोन हजार साल येतंय ना. तिथे दिवसभर तारखेतले दोन आकडे चार करत होतो. सकाळी दोनाचे चार, संध्याकाळी दोनाचे चार. स्वप्नातसुद्धा तेच. इथे निदान अक्षरं आहेत."

"अक्षरांनाच टपलेले असतात लोक."

"असतील," तो म्हणाला. "मला अजून त्यांचा अर्थ लागत नाही. तुम्ही सांगाल?"

सांगणं भागच होतं. पूर्वी एन्झाइमला ते काय कापतं त्यावरून नाव द्यायचे, मी म्हणाले. पण एकच काम करणारे दोघं एकमेकांचे कुणीच नसू शकतात, आणि निरनिराळी कामं करणारे सख्खे निघू शकतात. म्हणून आता अक्षरांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवतात. किती जुळतात ते बघतात, आणि त्यावरून कुटुंबं पाडतात.

"म्हणजे आडनावावर जायचं नाही. बरंय. आमच्या सूसमध्ये निम्मं गाव चांदेरे, आणि त्यातलं निम्मं एकमेकांशी बोलत नाही."

"जुळणी कमी असली तर संशय राहतो. मग खूण बघायची. प्रत्येक कुटुंबाचा एक लहानसा तुकडा असतो, सात-आठ अक्षरांचा. सगळ्या भावंडांत तसाच. बाकी चेहरा बदलला तरी तो बदलत नाही."

"ही अशी?" त्याने भुवईवर बोट ठेवलं. "माझ्या आजोबांना होती. आमच्या अण्णांना आहे. काकांच्या पोरांना पण."

मी भुवईकडे बघितलं. जरा जास्तच वेळ… मग स्क्रीनकडे.

"ओळ द्या ना तुमची," तो म्हणाला. "त्याशिवाय सुरू कसं करू?"

"उद्या देते."

त्या संध्याकाळी कोथरूडच्या माझ्या खोलीत बसून मी एक काम केलं. ओळीची नवी प्रत लिहिली आणि तीन ठिकाणी अक्षरं मुद्दाम बदलली. सत्त्याण्णव, एकशे अठ्ठ्याऐंशी, तीनशे एक. शेताच्या हद्दीवर दगड पुरतात ना, तशी. ही ओळ कधी कुणाच्या नावाने छापून आलीच, आणि त्यात माझी खोटी अक्षरं असली, तर ती कुठून गेली ते सिद्ध करायला दुसरा साक्षीदार नको. चारशे बारातली तीन! त्याने काय फरक पडणार होता?

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ मशीनवर चढवली. नंतर आम्ही ताडून बघितली. तो स्क्रीनवरून मोठ्याने वाचायचा, मी कागदावर टिंब करायची. बाहेर जुलैची भुरभुर, खिडकीच्या काचेवर थेंबांच्या रेघा, आणि त्याचा आवाज… "डी, डब्ल्यू, जी, वाय…" त्यात इतकं ऐकण्यासारखं काय होतं, देव जाणे. एकशे अठ्ठ्याऐंशीपाशी तो आला.

"के," तो म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर," मी कागदाकडे बघत म्हणाले.

त्यानंतर आठवडे सरकले, आणि त्याचं वागणं दिवसेंदिवस संशयास्पद होत गेलं. म्हणजे तो पेरू आणायचा, घरच्या झाडाचे, तिखटमीठ कागदाच्या पुडीत वेगळं. मी बसस्टॉपवर उभी दिसले की गाडी बंद करून बस येईपर्यंत गप्पा मारायचा. माझ्या खुर्चीचा डगमगता पाय त्याने एका दुपारी कुणाला न सांगता नीट केला.

"तुम्ही हे सगळं कशासाठी करता?" मी एकदा विचारलंच.

"कुठलं सगळं?"

"पेरू."

"झाडाला लागतात म्हणून."

"आणि मला का?"

"पानसे सरांना देऊन बघितला. ते म्हणाले, बिया फार आहेत, तुमच्या प्रोग्रामसारख्या."

मी हसले, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडले. रुपालीताईचा पाहुणासुद्धा विनोदीच होता म्हणे.

प्रोग्राम मात्र अडला होता. परदेशातून दर तीन महिन्यांनी सीडीवर एन्झाइमांच्या ओळींची पेढी, म्हणजे जगभर सापडलेल्या ओळींचा साठा, यायची. साईनाथ माझी ओळ तिच्यातल्या हजारो ओळींशी ताडायचा. एका कुटुंबाशी चोवीस टक्के जुळायचं, पुढे नाही. आणि खूण तर पटतच नव्हती.

"चोवीस टक्के?" सर म्हणाले. "तेवढं तर माझं घरमालकाशीही जुळतं. त्याला नातं म्हणत नाहीत."

साईनाथ हसला नाही. हल्ली तो कमीच हसायचा. रविवारीसुद्धा येऊन बसतो, असं वॉचमनने सांगितलं. रविवारी, एकटा, माझ्या अक्षरांपाशी? मी फ्लॉपीचा डबा रोज घरी नेऊ लागले.

समितीच्या आधीच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज गेलेली. साईनाथ आत्याला आणायला स्वारगेटला गेला होता. दुपारी वीज आली, आणि मी त्याच्या खुर्चीत बसले. आज्ञा कशा द्यायच्या हे मी त्याच्या खांद्यावरून बघून बघून शिकले होते. ताडणी सुरू केली. अकरा मिनिटांनी यादी आली.

सगळ्यात वर एक अनोळखी क्रमांक. त्यापुढे: चारशे बारापैकी चारशे बारा. शंभर टक्के.

मी आकडा पुन्हा वाचला. मशीनवरच्या ओळीत माझी तीन खोटी अक्षरं होती, आणि तीसुद्धा जुळली होती. निसर्ग काही माझ्या खोलीत बसून खोटं लिहीत नाही. पेढीतली ती ओळ माझ्याच कागदावरून गेलेली होती, आणि तो कागद मी एकालाच दिला होता. मी ती नोंद उघडायला गेले. स्क्रीनवर आलं: परवानगी नाही. वर कुलूप लावलेलं!

चोर सापडला होता. खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. मी खिडकीपाशी जाऊन नाक पुसत उभी राहिले.

शुक्रवारी सकाळी सायकलस्टँडपाशीच मी त्याला गाठलं.

"पेढीत माझी ओळ कुणी घातली?"

त्याचा चेहरा उतरला. असा उतरला, की माझी उरलीसुरली आशाही गेली.

"मी," तो म्हणाला. "पण ती फक्त आपल्या मशीनवर आहे. बाहेर कुठेही गेलेली नाही. प्रोग्राम धड चालतो का, हे बघायला एक माहितीतली ओळ आत सोडतात. ती सापडली तर प्रोग्राम ठीक. सगळेच करतात असं."

"मग कुलूप कशाला?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करू लागला.

"उघडा ती नोंद. आत्ता. सरांसमोर."

"सरांसमोर नको!" तो जवळजवळ ओरडला. "उद्या उघडतो. आधी त्यातलं थोडं… पुसतो."

"पुसता? म्हणजे आहे काहीतरी! चांदेरे, माझ्याकडे पुरावा आहे. मी तुम्हाला दिलेल्या ओळीत तीन अक्षरं मुद्दाम खोटी घातली होती. ही ओळ जगात कुठेही गेली तरी मला कळेल."

मला वाटलं आता तो चिडेल, नाहीतर पाया पडेल. पण त्याने अगदी हळू विचारलं, "कुठली तीन?"

"सत्त्याण्णव. एकशे अठ्ठ्याऐंशी. तीनशे एक."

"एकशे अठ्ठ्याऐंशीला खरं काय आहे?"

"ई."

तो स्टँडच्या कट्ट्यावर खाली बसला. भुरभुर चालू होती, कट्टा ओला होता, त्याला पत्ता नव्हता.

"त्या कुटुंबाच्या खुणेच्या मधोमध ई असतो," तो म्हणाला. "प्रत्येक भावंडात. कापण्याचं काम तोच करतो, हे तुम्हीच शिकवलंत मला. मी सात आठवडे… मला वाटलं माझ्या प्रोग्राममध्येच खोट आहे. तीनदा पहिल्यापासून लिहिला. आज सरांना सांगायला आलो होतो की मला जमत नाही, दुसरा माणूस बघा."

तो उठला, आत गेला, मशीनसमोर बसला. मी खरी अक्षरं सांगितली. त्याने ती घातली. अकरा मिनिटं आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो. एवढी लांब अकरा मिनिटं मी पुन्हा कधी बघितली नाहीत.

खूण पटली. गाईच्या पोटात गवत पचवणारा एक जिवाणू आहे, त्याच्या एन्झाइमचं कुटुंब. माझ्या चिपाडातल्या कात्रीची सगळी भावंडं गोठ्यात होती.

"सापडलं तुमचं कुटुंब," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. मग त्याने दोन आज्ञा टाइप केल्या. "कुलूप काढलंय. वाचा. मी नसताना वाचा."

आणि हेल्मेट घेऊन तो निघून गेला.

नोंद इंग्रजी लिपीत होती, भाषा मराठी. दर वेळी प्रोग्राम तपासला की खाली तारीख घालून एक ओळ लिहिलेली.

*८ जुलै. ओळ सापडली. आज हिरवी ओढणी.*

*११ जुलै. सापडली. हिंगोलीचं पत्र आलंय वाटतं. डबा न खाता परत नेला.*

*२४ जुलै. सापडली. सरांच्या विनोदाला तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या विनोदाला हात न ठेवता.*

*२ ऑगस्ट. सापडली. तिला सांगायचंय, पण तिचा माझ्यावर विश्वास नाही. आधी तिचं कुटुंब शोधून देतो, मग बोलतो.*

*१९ ऑगस्ट. सापडली. प्रोग्राम तिला दर वेळी ओळखतो, तरी खूण पटत नाही. चूक माझ्यातच आहे. ती मात्र सापडत नाही.*

मी शेवटची ओळ किती वेळा वाचली, ते सांगत नाही.

सोमवारी समिती बसली. लांब टेबल, पाच जण, बिस्किटांच्या बशा. मी कुटुंब सांगितलं, खूण दाखवली. माना डोलल्या. मग अध्यक्षांनी कागद उलटला. "निष्कर्ष चांगला आहे. पण यासाठी सात आठवडे? पानसे, तुमचा तो प्रोग्रामर कच्चा दिसतो."

सरांना काही माहीतच नव्हतं. मी गप्प बसले असते तर एक वर्ष माझ्या खिशात होतं. आणि साईनाथच्या नावापुढे 'कच्चा' हा शेरा, कायमचा.

"प्रोग्राम पहिल्या दिवसापासून बरोबर होता," मी म्हणाले. "मी त्यांना ओळच खोटी दिली होती. तीन अक्षरं. चोरीच्या भीतीने… मुद्दाम."

खोलीत कुणीतरी बिस्किट चावत होतं, ते थांबलं.

पानसे सरांनी चष्मा काढला. "म्हणजे चोर येऊ नये म्हणून तुम्ही दाराला असं कुलूप घातलंत, की मालकीणच सात आठवडे बाहेर."

"हो सर."

"आणि चोर?"

"चोर नव्हताच."

मला बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी सर आले. "एक वर्ष मिळालंय. फाइलमध्ये ताशेरा आहे, मोठ्या अक्षरांत. तो मात्र खरा आहे, बदलू नका." दोन पावलं गेले आणि वळले. "चांदेरे तीन दिवस आलेला नाही. माझ्याकडे त्याचा पत्ता आहे. तुम्हाला काही उपयोग?"

सूसची बस मला देवळापाशी उतरवून गेली. दुमजली नवं घर, एका बाजूला गिलावा नाही, शेजारी म्हशींचा गोठा, समोर बिल्डरचा फलक. दारात एक बाई तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप थांबवून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोन पायजे?"

"साईनाथ आहेत का? मी प्रयोगशाळेतून आले."

"तूच का ती? हिंगोलीची?" सूप खाली ठेवलं गेलं. "म्या त्याची आई, सरुबाई. माझ्या पोरानं तीन दिस धड जेवान केलं न्हाई. काय केलंस त्याला?"

"खोटं बोलले, मावशी."

सरुबाईंना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "साई! बाहेर ये. ती आलीया. कबूल करतीया."

तो बाहेर आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली. मला बघून दारातच थांबला.

"समितीला सगळं सांगितलं मी," मी म्हणाले. "चूक कुणाची ते. लेखी नोंद झाली. तुमचा प्रोग्राम बरोबर होता."

"तुमची फेलोशिप?"

"मिळाली. एक वर्ष." मी पर्सचा पट्टा खांद्यावर सरकवला. "बाबांना पत्र टाकलं. पाहुण्यांना बोलावू नका म्हणून."

"का?"

"नोंद वाचली मी. सगळ्या तारखा."

तो मानेपर्यंत लाल झाला. सरुबाई आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या. "कसली नोंद? आं? काय लिवलंय ह्यानं?"

"आई, तू आत जा ना जरा."

"माझं दार हाय. तुमीच जावा."

कुणीच गेलं नाही. गोठ्यातून एक म्हैस हंबरली. साईनाथने पायरीवरून एक पाऊल खाली टाकलं.

"मग आता…" तो म्हणाला, "आता तरी विश्वास बसला का माझ्यावर?"

खोटं बोलायचं नाही, असं मी बसमध्येच ठरवलं होतं.

"सवय जुनी आहे हो. एकदम नाही जाणार. तपासून बघावं लागेल."

"किती दिवस?"

"समितीने वर्षच दिलंय," मी म्हणाले, आणि चपला काढून पायरी चढले. "पण मला वाटतं, एका वर्षात उरकायचं नाही हे काम."

सरुबाईंनी सूप उचलून माझ्यासाठी वाट केली.